उंबऱ्याबाहेर वहाणा

गेल्या वैशाखातल्या शेवटच्या रविवारी, सकाळी साडेदहाला, माजलगाव धरणाच्या फुगवट्यात एका मेंढपाळाचा अपमान झाला. करणारे आम्ही होतो.

पाणी उतरलं की तिथं बुडालेल्या गावाचे दगड उघडे पडतात. ते आणि पक्षी बघायला आम्ही तेलगावहून पाच जण गेलतो. दगडांच्या एका चौकोनात बुटांसकट बसलो आणि भेळ खाल्ली, तीही आमच्याच पत्रकांवर. 'बुडालेल्या गावांना न्याय द्या' हे त्यांवर मीच लिहिलेलं.

म्हातारा मेंढरं मागं ठेवून आला. एका लांब दगडाशी थांबला, वहाणा काढून जोडीनं ठेवल्या आणि मान वाकवून आत आला. वर चौकट नव्हती, नुसतं आभाळ होतं.

"बसा की," तो म्हणाला. "लई वर्सांनी घरात पावनं आले. पायताणं तेवढी भाईर काढा. तुमी चुलीपशी बसलाव."

"कुठाय घर, काका? समदा चिखल हाय," आमच्यातला एक हसला. मीही हसलो.

त्यानं तेलकट पत्रकं एकेक करून उचलली, घर झाडून काढावं तशी, आणि उंबऱ्याबाहेर नेऊन दगडाखाली ठेवली. मला चौकात तासभर भाषण देता येतं. त्याच्यापुढं माफीचा एक शब्द निघाला नाही.

यंदाही पाणी उतरेल, तुम्हीही पक्षी बघायला जाल. दगडांचा चौकोन दिसला की थांबा. बूट काढा, मगच आत पाऊल टाका.