माग थांबल्यावर

शेजारच्या तंबाखूच्या वखारीतून हाक आली, "बाई, बेळगावचा ट्रंक कॉल हाय, लवकर या." मी शाळेत निघायच्या तयारीत होते. फोनवर माझा भाचा होता. "आत्या, पप्पा गेले... झोपेतच." दत्ता, माझा धाकटा भाऊ. मी घरी आले, शाळेत निरोप धाडला, तापवलेलं दूध शेजारी दिलं, गॅस बंद केला, कुलूप ओढून पाहिलं आणि निपाणी स्टँडवर मिळाली ती बस धरली. कामं एकापाठोपाठ एक उरकत जायची, हा माझा स्वभाव. रडू आलं ते पार यमकनमर्डी मागं पडल्यावर.

त्याला आता काही आठवडे झाले. दहाव्याला दत्ताच्या गॅरेजची गिऱ्हाइकं लोटली होती आणि जो तो एकच सांगत होता. "आमच्या गाडीचं काय त्यांच्या हातनं मोडलं, तर सोताहून सांगायचे ओ!" "जन्मजातच सरळ माणूस." मी हो हो म्हणत होते, पण मान वर होत नव्हती. जन्मजात नव्हतं ते. ते कुठून आलं हे मला ठाऊक आहे आणि बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरात त्याबद्दल आम्ही कधी चकार शब्द काढलेला नाही.

दत्ता तरुण होता तेव्हा आमच्या घरी पुढं राहणं आणि मागं माग. आप्पा, म्हणजे आमचे वडील, साड्यांच्या काठाचं काम स्वतः बघत. काठावरच्या नक्षीच्या एकेका ओळीसाठी भोकं पाडलेला एकेक जाड पुठ्ठा असतो. ते सगळे दोऱ्यानं ओवून माळ करतात आणि ती मागाच्या डोक्यावरच्या जकार्डवर, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, चढवतात. आप्पांनी ओवलेली माळ म्हटलं की शहापुरातले विणकरसुद्धा डोळे झाकून चढवायचे. दत्ताचं चित्त मात्र मागात नव्हतं, अंगणात होतं. कॅम्पातले एक निवृत्त फौजी साहेब गाव सोडून चालले होते, त्यांची जुनी काळी मोटार त्यानं घेतली होती. तिला मोठा कार्ब्युरेटर बसवला, इंजिनाचं हेड लेथवर घासून आणलं, सायलेन्सर बदलला. जांबोटीच्या चढाला ती अशी सुटायची की बसणारा दोन्ही हातांनी सीट धरायचा. पण उभी केली की अंग झाडल्यासारखी थडथडायची आणि बंद पडायची. कॅम्पातल्या चौकात तर शिपायानं हात केला की दत्ताला धडकीच भरे. आप्पा दारातून म्हणायचे, "दत्ता, तुझी गाडी पळाय शिकली रं, पर थांबाय इसरली!"

मी मे महिन्यात माहेरी गेले, तेव्हा हे चालू होतं. आणि आत, मागांच्या खोलीत, दुसरंच चालू होतं. व्यापाऱ्यानं साड्या परत पाठवल्या होत्या. काठातल्या प्रत्येक कोयरीचं टोक बोथट आलं होतं. आप्पांनी माग तपासला, जकार्डच्या सुया तपासल्या, काही सापडेना. शेवटी चष्मा कपाळावर सारून मला म्हणाले, "माळ मीच ओवल्यालो गं, आक्का. डोळं गेलं माझं." पुढची माळ त्यांनी दुसऱ्याकडं ओवायला दिली. ज्या माणसानं उभ्या जन्मात हे काम कुणाच्या हाती दिलं नव्हतं, तो दुपारचा ओट्यावर रिकामा बसू लागला. आम्हांला त्याच्याकडं बघवत नसे.

दत्ता अंगणात एकाच वेळी चार गोष्टी पिळत होता. शाळेत प्रयोगाच्या तासाला पोरांना सांगते तसं मी म्हटलं, "असं न्हाय चालणार. एका वेळी एकच बदल. फरक पडला न्हाय तर होतं तसं कर, मग पुढचं." मग प्लग काढून साफ केले. पॉइंटची फट बघितली. टायमिंग थोडं पुढं, थोडं मागं. मिश्रणाचा स्क्रू. थडथड तशीच. "आता कार्ब्युरेटर जिथं बसतो तिथनं हवा खेचतीय का बघ," मी म्हटलं. तो म्हणाला, "तिथं काय न्हाय. सोड ते." मी सोडलं नाही. चालू इंजिनवर, त्या सांध्याभोवती मीच तेलाच्या कुपीतून थेंब सोडले... आणि तेलानं फट बुजताच गाडी क्षणभर शहाण्यासारखी एका लयीत चालली.

"उघड," मी म्हटलं. खूप वेळ त्यानं पाना हातात घेतला नाही. मग उघडलं. कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग पेट्रोलनं फुगून पापडासारखं सुटत होतं, आणि त्याच्या कडेला ओळीत गोल गोल भोकं होती. विणकराच्या पोरीला ती भोकं ओळखायला कितीसा वेळ लागणार? बाजार बंद असलेल्या दिवशी, घाईत, त्यानं आप्पांच्या माळेतले दोन पुठ्ठे काढून पॅकिंग कापलं होतं आणि माळ परत बेमालूम ओवून ठेवली होती; नक्षीच्या त्या दोन ओळी गेल्या म्हणून कोयऱ्यांची टोकं बोथट आली होती.

"आक्का, मी सांगतो," तो म्हणाला आणि तो तुकडा घेऊन आत गेला. मी मागोमाग. आप्पा कारागिराशेजारी उभे होते आणि सगळे माग चालू होते. दत्ता काहीतरी बोलला. आप्पांनी कानाला हात लावला. तो पुन्हा बोलला. "ऐकू येईना रं!" म्हणत आप्पांनी शेजारचा माग बंद केला. ते बघून पलीकडच्यानं त्याचा केला, मग त्याच्या पलीकडच्यानं... सगळी खोली गप्प झाली आणि सगळे दत्ताकडं बघायला लागले. जे मागांच्या खडखडाटात तो कसंबसं दोनदा पुटपुटला होता, ते त्या शांततेत त्याला तिसऱ्यांदा म्हणावं लागलं. "पुठ्ठे मी काढलो होतो, आप्पा. गाडीला."

आप्पांनी तुकडा हातात घेतला, उजेडाला धरला. "म्हंजे डोळं हाईत माझं," ते हळू म्हणाले. मग विचारलं, "साड्या परत आल्या, तवा ठावं हुतं तुला?"

मी मनात म्हणत होते, न्हाय म्हण. एवढं तरी न्हाय म्हण.

"व्हय," दत्ता म्हणाला.

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुसऱ्याकडं दिलेली माळ परत मागवून घेतली आणि ओवायला बसले. कारागीर खाली बघत राहिले, कुणी माग चालू करेना. त्या घरातली मी, माझीही नजर जमिनीवर. चूक त्याची होती, तरी लाज सगळ्या घराला पुरून उरली. दत्तानं पुढं बाजारातून नीट पॅकिंग आणून बसवलं, गाडी बरीच सुधारली; तरीही त्या हिवाळ्यात त्यानं तो मोठा कार्ब्युरेटर आणि बाकीचं सगळं उतरवून तिला होती तशी केली. आप्पांसमोर तो नंतर कधी मोठ्यानं हसलेला मला आठवत नाही.

परवा गॅरेजवर हिशेबाच्या कपाटाच्या किल्ल्या द्यायला गेले होते. त्याचा जोडीदार, इस्माईलभाई, एका गाडीचं इंजिन चालू ठेवून कान देऊन उभा होता. गाडीचा मालक आला. इस्माईलभाईनं आधी ते इंजिन बंद केलं. मग हवेचा पंप बंद केला. कोपऱ्यातला रेडिओ बंद केला. मालक गोंधळून बघायला लागला.

"साहेब, आरसा माझ्या हातनं फुटला," इस्माईलभाई म्हणाला, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "दत्ताण्णांचा नेम हाय ह्यो, आक्का. आपली चूक गोंगाटात सांगायची न्हाय म्हणायचे. ऐकू गेलं न्हाय तर बरं, असं वाटतं माणसाला."