तुळसाबाईंचा आंबा आणि महादेवभाऊंचा पंप

लाकडाच्या ओंडक्यांवर धिंगरी मशरूम वाढवायचं ठरवलं. मशरूमचं नंतर पाहू, किस्से मात्र पहिल्याच आठवड्यापासून उगवायला लागले!

*

सुरुवात माझ्या तोंडामुळे झाली. चामोर्शीजवळच्या आमच्या गावात वादळानं तुळसाबाईंचं आंब्याचं झाड पाडलं. त्यांच्या नवऱ्यानं लावलेलं. नवरा आता नाही. लोक सरपण मागायला आले.

"चुलीत नाई जाऊ देत मी त्याले!" बाई अडून बसल्या.

मी शाळेतला गुरुजी, नुकतंच मशरूमचं ट्रेनिंग घेतलेलं. बोलून गेलो, "बाई, वर्षभरात हा आंबा पुन्हा तुम्हाला खायला घालेल!"

*

ओंडक्याला भोकं पाडायची, त्यात मशरूमचं बी भरायचं, वर मेण लावायचं. साल मात्र शाबूत हवी. भोकं पाडायला सुतार रफिकभाई आले. मी चहा पिऊन येतो तर पहिला ओंडका रंधा मारून गुळगुळीत!

"लई खडबडीत होता, गुरुजी. साफ करून देल्ला!"

म्हणजे तो बाद.

"त्यालेबी बी द्या. त्यानं काय पाप केलं?" म्हणत बाईंनी त्यातही बी भरून घेतलं आणि धुणं आपटायला तो आपल्या न्हाणीपाशी नेला. बाकीचे माझ्या परसात रचले.

*

महादेवभाऊ धानाचे शेतकरी, मदतीला सदा तयार. दोन महिन्यांनी माझ्या ओंडक्यांवर पांढरे धागे दिसले. मी खूश! दुसऱ्या दिवशी भाऊ पाठीवर पंप घेऊन दारात.

"तुमच्या लाकडाले बुरशी लागली होती. धानाचं औषध मारून देल्लं!"

"भाऊ, मशरूम म्हणजे बुरशीच!"

"मंग लोकाले काऊन खाऊ घालून राह्यले?"

परसातले सगळे ओंडके फेकावे लागले.

*

मी तुळसाबाईंच्या घरावरून जाणंच सोडलं. आठवडी बाजारात त्यांनी गाठलंच.

"वर्ष नाई झालं अजून, गुरुजी," एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

वर्षाला पंधरा दिवस उरले असताना बाईंचा निरोप आला. गेलो. न्हाणीपाशी तो सोललेला ओंडका, रोज पाण्यात भिजलेला, रोज मोगरीचा मार खाल्लेला. त्याच्या भोकांतून पांढरी धिंगरी फुटली होती, गुच्छच्या गुच्छ!

तेवढ्यात फाटकात महादेवभाऊ. पाठीवर पंप!

बाई मोगरी घेऊन ओंडक्यापुढे उभ्या राहिल्या.

"भाऊ, पंप घरी ठेवून या. अन् येतानी ताट घेऊन या."