दोन डावे दरवाजे

"उघडून तर बघू," असं म्हणत तो कोणत्याही वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि कान द्यायचा. मग तो कुकर असो की बंद पडलेला हीटर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती कधी बसलेली दिसत नाहीत. हा तर चहासुद्धा अंगणात येरझाऱ्या घालत प्यायचा.

इकडे परदेशात, मॉसन लेक्स या उपनगरात, आमच्या दोन घरांमध्ये एक लाकडी कुंपण होतं. तो नागपूरचा, इथल्या युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकवायचा. एकटाच पुढे आला होता. बायको आणि दीड वर्षाची मुलगी मागाहून यायच्या होत्या. तेवढ्यात कोविड आला आणि सीमा बंद झाल्या. त्याच्या व्हिसावर भारतात जाता आलं असतं, परत येता आलं नसतं. आणि तिकडचं घर याच्याच पगारावर चालत होतं. वर्ग ऑनलाइन गेले आणि हा माणूस घरात पिंजऱ्यात कोंडल्यासारखा फिरू लागला.

एका शनिवारी कुंपणावरून म्हणाला, "ताई, तुझ्या गाडीला ट्रेलर लागतो ना? मला एक स्पोर्ट्स कार आणायची आहे."

"मग चालवत आण की!"

"चालत नाही ती. अर्धीच झाली आहे."

गॉलर गावाच्या पुढे, एका शेतातल्या शेडमध्ये ती उभी होती. जुन्या ब्रिटिश टू-सीटरची नक्कल, हिरवीगार, भोवती सुट्या भागांची खोकी. म्हाताऱ्या मालकाला ती पुरी करायचा कंटाळा आला होता. त्याने विचारलं, "आधी कधी गाडी बांधली आहेस, मेट?"

"नाही. पण पलंग जोडला आहे."

म्हातारा खो खो हसला. याने इंजिनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. कलिंगड घेताना वाजवतात तसं बॉनेट वाजवलं आणि म्हणाला, "घेतो."

घरी येऊन खोकी उघडली, तर दोन दरवाजे निघाले. दोन्ही डावे. मालकाला फोन लावला, तर तो म्हणाला, "नो वरीज, उजवा शोधतो." तो उजवा कधीच आला नाही.

"अरे, तू बघून काय घेतलीस?" मी विचारलं.

"रंग," तो म्हणाला.

मग सुरूच झालं. रोज व्हिडिओ बघायचे आणि आधीच्या माणसाने जोडलेला एकेक भाग, तो कसा बसवलाय हे बघायला उघडायचा. उघडलेलं पुन्हा बसायचं नाही. "अर्धी आणली होतीस, आता पाव उरली," मी म्हणायचे. तो हसायचा आणि आणखी काहीतरी उघडायचा.

एकदा मी तिथे असतानाच त्याने मुलीला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. ती नुकतीच नीट बोलायला लागली होती.

"ही बाबाची सीट. ही आईची."

"मी कुठे बसू?"

दुसऱ्या दिवशी तो सीटांच्या मागे टेप धरून मोजत होता. तिथे पेट्रोलची टाकी होती. ती हलवता येईल का, असं त्याने गाड्या तपासणाऱ्या इंजिनिअरला विचारलं. "मग गाडीला रस्त्यावर परवानगी मिळणार नाही," असं उत्तर आलं. तरी पुढचे कित्येक दिवस तो त्या टाकीभोवती घुटमळत होता.

मग भारतात दुसरी लाट आली. त्याची बायको दवाखान्यात गेली. तिकडून येणारी विमानंही थांबली होती. मी वरणभात घेऊन गेले तेव्हा तो पॉलिश पेपरने बॉनेट घासत होता. हिरवा रंग केव्हाच निघाला होता, खालचं फायबर दिसत होतं, आणि बोटं सोलवटली होती.

"ताई, तिकडे ते ऑक्सिजन शोधताहेत आणि मी इथे हे घासतोय."

"दोन घास खा रे."

"खातो," म्हणाला. ताट सीटवर ठेवलं आणि पुन्हा घासायला लागला.

ती वाचली. घरी आल्यावर तिने व्हिडिओ कॉल केला तेव्हा तिला धड बोलवत नव्हतं. म्हणाली, "हात दाखव तुझे." त्याने ते फोनसमोर धरले. ते बघून ती म्हणाली, "आम्ही आता तिकडे येत नाही. तूच ये."

प्रवासाचे नियम सैल होताच त्याने नोकरी सोडली. गाडी एका निवृत्त जोडप्याने नेली. "किती काम झालंय?" त्यांनी विचारलं. "मी घेतली तेव्हा जास्त झालं होतं," याने खरं ते सांगितलं. त्यांचा ट्रेलर कोपऱ्यावर वळणार, तेवढ्यात हा घरातून धावत सुटला. एक डावा दरवाजा राहिला होता.

नागपूरहून त्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी आधी मुलीचंच विचारलं.

"पहिल्या दिवशी जवळ आली नाही, ताई. दारातून बघत राहिली. मग आत गेली, आईचा फोन आणला आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, यातून बोल."

तो हसत होता, पण डोळे भरले होते. मी काही बोलणार, एवढ्यात आतून हाक आली, "बाबा!"

"आलो, आलो!" म्हणत त्याने फोन कुठेतरी उताणा ठेवला. पडद्यावर छताचा पंखा गरगरत होता. लांबून धावणारी पावलं ऐकू येत होती, लहान आणि मोठी. मी थोडा वेळ तो पंखाच बघत बसले, आणि मग हळूच फोन बंद केला.