क्रिक म्हटलं, पण क्रॅक कुणी म्हणेना

टेबलावर छडी आपटायची, गुरुजी कवितेची अर्धी ओळ म्हणायचे आणि उरलेली अर्धी आमचा सगळा वर्ग ओरडून पुरी करायचा. तो आवाज आज फार आठवला, मंडळी, कारण आज आपण माती खाल्ली.

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला शाळेच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या इंद्रामावशी त्यांच्या त्रिनिदादची लोककथा स्टेजवर करत होत्या. समोर त्यांच्याकडची मुलं आणि आपली मुलं. जंगलातली उलट्या पावलांची भुतं एका पोराला हाका मारतात, तिथवर गोष्ट आली. मावशी ओरडल्या, "क्रिक?" यावर मुलांनी "क्रॅक!" असं ओरडायचं, तरच गोष्ट पुढे जाते. तिकडची रीतच तशी.

मुलं ओरडलीही हो! पण आपले डॉक्टर जोशी, खांद्यावर नवा व्हिडिओ कॅमेरा. "शूऽऽ! रेकॉर्डिंग चाललंय. बिहेव्ह!" झालं. सगळे आईबाप शूऽऽ करत सुटले.

मावशींनी पुन्हा विचारलं, आणखी एकदा विचारलं. हॉल चिडीचूप. मग आपली टोपी उचलून त्या सरळ स्टेजवरून उतरल्या. पोरगं बिचारं जंगलातच राहिलं.

अहो, गप्प बसवायलाच का मुलांना नाटकाला आणायचं?

हे लिहितोय तोच बेल वाजली. दारात डॉक्टर जोशी, हाताशी रडवेली लेक.

"काका, ही जेवतच नाही. 'डिड ही गेट होम?' तो पोरगा घरी पोचला का, एवढंच विचारते. मावशींचं घर कुठलं? आणि ते... काय ओरडायचं असतं?"