शेंडीवाला नारळ

प्रसूतिगृहात नोकरी केलेल्या माणसाला किश्शांची ददात नसते. बँकेतला माणूस घरी येऊन काय सांगणार, आज हिशेब जुळला नाही? आमच्याकडे रोज कुणीतरी जन्माला यायचं, आणि येताना एक किस्सा घेऊनच यायचं!

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडच्या एका छोट्या प्रसूतिगृहात काउंटरवर बसायचे. पाटीवर नाव डॉक्टरबाईंचं होतं, पण घरी जाताना बायका गळ्यात पडून रडायच्या त्या द्वारकामावशींच्या. मावशी आमच्या आया. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो संपानंतर घरीच बसला. मंदा ही एकुलती एक मुलगी. मावशी एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण घाई किंवा राग आला की थेट मालवणी!

*

मावशींचं एक ठरलेलं वाक्य होतं. कळा देणाऱ्या बाईचा हात धरायचा, कपाळ पुसायचं आणि म्हणायचं, "झालाच हां, आता झालाच!"

बाईला पहिली कळ आलेली असो की शेवटची, हे "झालाच" सगळ्यांना सारखंच मिळायचं. एकदा एक पेशंट सकाळी आली, तिला आल्या आल्या "झालाच" मिळालं, आणि बाळ झालं दिवेलागणीला!

मी म्हटलं, "मावशी, केवढं खोटं बोलता हो!"

"खोटं कुठे गं? झालं ना शेवटी?"

*

आमच्या एका गुजराती पेशंटला हे वाक्य इतकं पाठ झालं, की घरी गेल्यावर सासूने "रोटली थई?" असं विचारलं, तर सून स्वयंपाकघरातून ओरडली, "झालाच हां!"

सासूबाई स्वतः येऊन हे आम्हाला सांगून गेल्या. रोटल्या तासाभराने मिळाल्या म्हणे.

*

कळा देणारी बाई सांभाळता येते हो, बाहेरचा नवरा सांभाळणं महाकठीण! एक टायवाले साहेब होते, मोठ्या कंपनीत ऑफिसर. दर दोन मिनिटांनी माझ्या काउंटरवर येऊन "एनी न्यूज?" विचारायचे. माझं डोकं उठलं होतं.

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. "साहेब, नारळ होयो! शेंडीवालो. कानाशी वाजवून बघा, मगच घ्या. पळा!"

साहेब जे सुटले, टाय खांद्यावर उडतोय आणि ते चालले बाजाराकडे! मी घाबरून विचारलं, "मावशी, डिलिव्हरीला नारळ कशाला?"

"डिलिव्हरीला नाही गं, त्याला! हातापायाला काम नको?"

साहेब नारळ घेऊन आले तोवर मुलगा झालेला. आपल्या नारळामुळेच सगळं सुखरूप पार पडलं, असं ते अजूनही सांगत असतील. त्यानंतर प्रत्येक नवऱ्याला नारळाला पिटाळायचं ठरूनच गेलं. आमच्या किचनमधली टोपली कधी रिकामी नसायची. स्टाफला रोज चटणी, उरलेले नारळ मंदाच्या सासरी. डॉक्टरबाईंना हे सगळं ठाऊक होतं. मे महिन्यात त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, उन्हाळ्यात शहाळी मागवत चला की!"

*

एका पेशंटला तिसरी मुलगी झाली. आजीने तोंड फिरवलं, बाळाकडे बघेना. मावशी दुपट्यातलं बाळ घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "आजी, परत घ्यायची सोय आमच्याकडे नाही. हा दवाखाना आहे, साडीचं दुकान नाही!"

आजीला हसू आवरेना. हसताना तिने बाळ कधी मांडीवर घेतलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

*

मी आणि मावशी एकदा भाजी घेत होतो. एका बाईने शाळेतल्या मुलाला पुढे ढकललं. "नमस्कार कर. तुझी पहिली आंघोळ यांच्या हातची!"

मुलगा लाजून आईमागे लपला. मावशींनी त्याचा कान धरून कानामागे बघितलं. "तेव्हा कानामागचं राहिलं होतं वाटतं. अजून तसंच आहे!"

*

आणि मग मंदाचे दिवस भरले. तिचं आधीचं एक बाळ राहिलं नव्हतं, त्यामुळे मावशी नऊ महिने वरून हसत होत्या आणि आतून धास्तावलेल्या. मंदाला सकाळी आणलं तेव्हा डॉक्टरबाईंनी मावशींना दारातच थांबवलं. "आज तुम्ही आई. आत यायचं नाही."

मावशी नवऱ्यांच्या बाकावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा! दुपार झाली. बाळाचे ठोके मधेच मंद होत होते. सिस्टर पळापळ करत होत्या, आणि त्या पळापळीचा अर्थ मावशींना कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टरबाई बाहेर आल्या तशा मावशी उठल्या.

"बाई, खरं सांगा."

डॉक्टरबाईंनी त्यांचा हात धरला. "झालाच हां, मावशी."

"बाई, ह्या माका सांगू नकात! ह्या माझाच वाक्य! किती खोटा असता, ता माका ठावक आसा!"

कुणीच हसलं नाही. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, एक नारळ हवाय. शेंडीवाला. कानाशी वाजवून बघून आणा."

किचनमधल्या टोपलीत नारळ होते. सकाळी मावशींनीच रचून ठेवलेले. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मावशी डॉक्टरबाईंकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, चपला सरकवल्या आणि धावत जिना उतरल्या.

त्या परत आल्या तेव्हा जिन्यापर्यंत टॅहँ टॅहँ ऐकू येत होतं. डॉक्टरबाई बाळाला घेऊन दारात उभ्या होत्या. "मुलगी! दोघी छान आहेत."

मावशी धापा टाकत होत्या. त्यांनी आधी नारळ पुढे केला. "हो घ्या, बाई. नीट वाजवून आणलाय."

डॉक्टरबाईंनी बाळ त्यांच्या हातात दिलं, नारळ घेतला, आणि कानाशी धरून वाजवून बघितला.