शेवग्याच्या पाल्याचं खाद्य
शेवग्याचा वाळलेला पाला चुरला की त्याच्या हिरवट वासानं मला रेणापूरजवळचं आमचं शेततळं आठवतं. लग्नानंतर मी हौसेनं त्यात रोहू सोडले होते. सासरे पक्के शाकाहारी, तळ्याकडे फिरकायचेसुद्धा नाहीत. उन्हाळ्यात मासे मलूल झाले, खायला वर येईनात. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत ठेवलेल्या त्यांच्या खाद्यातलं तेल खवट झालं होतं. असलं तेल माशांना आतून पोखरतं, आणि ती झीज थोपवायला ताजं, जीवनसत्त्वं असलेलं अन्न लागतं, हे मी कॉलेजात शिकले होते. जुनं खाद्य फेकून मी ओसरीवर शेंगदाण्याची ताजी पेंड, भाताचा कोंडा आणि शेवग्याचा पाला मळायला बसले. सासरे जवळ आले. "यात मासळीचं काही न्हाई ना, माय?" "न्हाई मामा, सगळं शाकाहारीच हाय." "मंग सरक, मी मळतो." पुढे ते टाकायला तळ्यावरही सासरेच जायला लागले. एका सकाळी त्यांची हाक ऐकून मी धावत गेले. पाणी नुसतं उसळत होतं आणि धोतर भिजलेले सासरे मोठ्यानं हसत होते. "बघ, लई भुका लागल्यात यांना!" अजूनही खाद्य सासरेच टाकतात; मासे काढायचा दिवस ठरला की मात्र पहिल्या एसटीनं मुखेडला लेकीकडे निघून जातात.