वरचे चार पौंड

आमची गाडी म्हणजे खरं तर बायकोची गाडी. सासरे एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली, दोन वर्षं कडावला घराच्या अंगणात ताडपत्रीखाली जपली आणि मग लेकीला देऊन टाकली, कारण तिची शाळा खालापूरला आणि आम्ही राहतो कर्जतला, भिसेगावात. जावयाला दिली नाही, हे लक्षात घ्या. माणसं ओळखण्यात सासरे पटाईत.

त्या गाडीला टर्बो बसवायचं माझ्या डोक्यात आलं. सांगायला कारण होतं: चौघं बसून एसी लावला की खंडाळ्याचा घाट चढताना तिला दम लागतो. खरं कारण एवढंच की मोबाइलवर लोकांच्या टर्बोवाल्या गाड्या बघूनबघून माझंच डोकं तापलं होतं. बायकोने दोन दिवस विचार केला आणि एका अटीवर हो म्हटलं.

"सोमवारी सकाळी मला शाळेत वेळेवर पोचायचंय. कुठल्याही सोमवारी. बाकी तुमचं काय ते चालू दे."

कुंभिवलीला हायवेलगत एका चाचांचं गॅरेज आहे. चाचांनी आधी नाहीच म्हटलं. त्यांचं म्हणणं, हे इंजिन मुळातच हवा अकरा पट दाबतं. त्यावर बाहेरून आणखी हवा कोंबायची म्हणजे ठासून भरलेल्या टमटममध्ये अजून दोघांना बसवायचं. आत दाब वाढला की उष्णता वाढते, पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. कंपनीचे मूळचे पिस्टन हा मार फार दिवस खात नाहीत. मी आठवडाभर त्यांच्याकडे चहा पीत बसलो, तेव्हा कुठे ते तयार झाले. एका भंगारातल्या गाडीचा छोटा टर्बो त्यांनी बसवला, पेट्रोल आणि ठिणगीचं गणित नव्याने जुळवून घेतलं आणि डॅशबोर्डवर दाबाचा काटा लावला.

"पाच पौंड," ते म्हणाले. "त्याच्या वर एक पण नाय. या इंजिनाला झेपणार नाय."

दोन आठवडे सगळं छान चाललं. बायको खूश, गाडी खूश. मग एका शनिवारी मी टायरमध्ये हवा भरायला गेलो. दुकानदाराने विचारलं, किती भरू? मी म्हटलं, तीस पौंड. आणि तिथे, कंप्रेसरच्या आवाजात, मला ज्ञान झालं. रबराच्या टायरला तीस पौंड चालतात आणि लोखंडाच्या इंजिनाला पाच? चाचा उगाच घाबरट. बरं, मी बीएस्सी आहे, तेही फिजिक्स घेऊन. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. आता तर अजिबातच नाही.

घरी येऊन पाना घेतला. टर्बोचा दाब धरून ठेवणारी एक सळी असते, तिचे आटे आवळत गेलं की दाब चढतो. मी आवळत गेलो. रिकाम्या रस्त्यावर जरा पळवून पाहिलं, काटा नवावर. गाडी अशी सुटली की मी एकटाच मोठ्यांदा हसलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. लोणावळ्याला मेव्हणीकडे जेवायला निघालो. सासरे माझ्या शेजारी, सासूबाई आणि बायको मागे. खोपोली सोडून चढ लागला तशी मी ऐटीत गाडी दाबली. पहिल्या वळणापर्यंत मजा आली. दुसऱ्या वळणावर बॉनेटखालून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात सुके वाटाणे हलवावेत तसा. मी गाण्याचा आवाज वाढवला. सासऱ्यांनी हात पुढे करून गाणं बंद केलं.

"जावई, पाय काडा," ते हळूच म्हणाले. "इंजिन मार खातंय."

मी पाय काढला. आवाज थांबला. जागा बघून गाडी वळवली आणि पायाखाली अंडं असल्यासारखं हलक्या पायाने कुंभिवलीपर्यंत आलो. बायकोने फक्त एकदा विचारलं, उद्या सोमवार आहे ना?

चाचांनी बॉनेट उघडलं, सळीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"कुणी आवळलं रं हे?"

गाडी बंद असताना आपोआप आवळलं गेलं असावं, असं काहीतरी मी पुटपुटलो. सासरे जोरात खोकले. मग मी कबूल केलं, टायरच्या तीस पौंडांसकट. चाचांनी कपाळावर हात मारला. टायरमध्ये आग लागत नाय बाबा, एवढंच म्हणाले.

त्यांनी प्लग काढले, उन्हात फिरवून पाहिले. मग एकेका सिलिंडरला आतला दाब मोजायचा मीटर लावून बायकोला चावी फिरवायला सांगितलं. पहिला ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्याला मी देवाचं नाव घेतलं. चौथ्याला मीटर जिथे थांबला तो आकडा चाचांनी मोठ्याने वाचला, बाकीच्यांइतकाच. वेळेवर पाय काढला म्हणून वाचलं, अजून दोन वळणं गेली असती तर पिस्टन फुटला असता, हे त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. मला सांगण्यात अर्थ नाही हे त्यांनाही कळलं होतं.

दाब पुन्हा पाचावर आला. सळीवर चाचांनी लाल रंगाचा ठिपका दिला, म्हणजे कुणी हात लावला तर लगेच कळावं. लोणावळ्याला उशीर झालाच होता, पण मेव्हणी जेवायची थांबली होती. बायकोने माझ्याकडे न बघता हात पुढे केला, मी चावी दिली आणि मागे सासूबाईंशेजारी जाऊन बसलो. ती घाट चढली, काटा चाराच्या आसपास ठेवून, एसी लावून. पुढच्या सीटवर सासरे दुसऱ्या वळणाआधीच मान टाकून घोरायला लागले.